तोंडी नकारावर अपील करता येत नाही

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. वडील जाऊन वर्ष होत आलं, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, तलाठी कार्यालयात प्रत्येक खेपेला नवा कागद मागतात आणि परवा तर "कोर्टातून वारस दाखला आणा, मग बघू" म्हणून वारस नोंदीचा अर्जच परत हातात दिला. वकील लावून कोर्टात जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते एवढ्यात नको. त्याआधी एकच गोष्ट तपासा. तुमचा अर्ज त्या कार्यालयात दाखल आहे का?

मृत्यू दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र, ताजा सातबारा आणि आठ-अ हे सगळं तुम्ही जोडलंच असणार, त्यावर वेळ घालवत नाही. मी वकील नाही आणि महसूल खात्यातही नव्हतो. घरची वारस नोंद करून घेताना आणि नंतर गावातल्या लोकांच्या कागदांसाठी सोबत जाताना जे कळलं तेवढंच सांगतोय. वारसांत वाद असेल, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी), कुळाची किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर माझ्यावर विसंबू नका, जाणकाराला कागद दाखवा.

आमचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं. सातबाऱ्यावर वडिलांचं घरातलं नाव, मृत्यू दाखल्यावर शाळेतलं. कार्यालय कुठलं ते सांगत नाही. तिथले गृहस्थ अर्ज हातात घ्यायचे, शांतपणे वाचायचे, नावावर बोट ठेवून "हे जुळत नाही" म्हणायचे आणि अर्ज परत द्यायचे. आवाज कधी चढवला नाही, पैसे कधी मागितले नाहीत. त्यामुळे काम चालू आहे असंच घरात सगळ्यांना वाटत राहिलं. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र नेलं, तर सरपंचांचा दाखला हवा. तो नेला, तर पोलीस पाटलांचा. मग पंचांचे जबाब. मग कोर्टाचा वारस दाखला. मध्येच त्यांची बदली झाली. नव्याने आलेल्यांनी आवक नोंदवही आमच्यासमोर उघडली, पानं उलटून दाखवली आणि सांगितलं, "तुमच्या नावाचा एकही अर्ज आलेला नाही." आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. जो अर्ज दरवेळी आमच्याच पिशवीतून घरी परत आला, त्याची नोंद होणार कुठून?

या काळात आईला सोसायटीने पीककर्ज नाकारलं. अवकाळीच्या नुकसानीची मदत खातेदार मयत म्हणून अडकली. तक्रार करायला तहसीलला गेलो तर पहिला प्रश्न आला, "अर्ज कधी दिला होता, पोच दाखवा." इतके महिने आम्हाला नकार मिळत होता आणि तो कुठल्याही कागदावर नव्हता. जो निर्णय लिहिलेलाच नाही त्यावर अपील करता येत नाही. त्या कार्यालयाने आमचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते हेच, आणि तुमच्या बाबतीत सध्या तेच चाललंय.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४९ काढून वाचा. वारसाने, खरेदीने किंवा इतर कुठल्याही मार्गाने जमिनीत हक्क मिळाला, की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं. ते तोंडी कळवलं तरी चालतं! पण तलाठ्याने मात्र त्याची लेखी पोच तिथल्या तिथे द्यायची आहे. म्हणजे तोंडी बोलण्याची मुभा कायद्याने शेतकऱ्याला दिली आणि लिहिण्याचं बंधन सरकारी माणसावर घातलं. प्रत्यक्षात याच्या बरोबर उलट चालतं. आपण कागद घेऊन जातो आणि ते तोंडाने बोलतात. (तीन महिने उलटले म्हणून घाबरू नका. हक्क बुडत नाही, नोंद उशिरानेही होते.)

तुमच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी "ही नोकरशाहीच मोडीत काढा" असं लिहिलंय. राग समजतो, पण मला ते पटत नाही. नोकरशाहीची लक्षणं मांडताना मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने ठरलेलं कार्यक्षेत्र, अधिकारांची उतरंड, नियम आणि लेखी दस्तऐवज यांवर भर दिला होता. गरिबाला यातला शेवटचा भाग सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. ओळख, जात, गावातलं वजन यांपैकी काहीच नसलेल्या माणसाजवळ पोच असेल, तर कार्यालयाला त्याला उत्तर द्यावंच लागतं. आपल्याला छळतो तो नियमांच्या बाहेरचा तोंडी कारभार, नियम नव्हेत.

समोरच्या कर्मचाऱ्याची बाजूही समजून घ्या, म्हणजे काय मागायचं ते कळेल. एका सजात, म्हणजे एका तलाठ्याच्या हद्दीत, अनेकदा दोन-तीन गावं, शेजारच्या सजाचा अतिरिक्त कार्यभार, वर निवडणूक, पंचनामे, वसुली. चुकीची नोंद धरली तर विभागीय चौकशी त्याच्यावर बसते. नोंदच धरली नाही तर त्याला कोणी विचारत नाही. आणि एक कागद जास्त मागितला म्हणून आजवर कोणाची चौकशी लागलेली मी तरी ऐकली नाही. म्हणून तो कागद मागतच राहतो. यावर उपाय एकच, काहीही न करण्याचीसुद्धा नोंद व्हायला हवी.

आपल्याच राज्यात हे करून दाखवलेलं आहे. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाची जी घडी बसवली ती आजही लखिना पॅटर्न म्हणून ओळखली जाते. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही प्रकरण पडून न ठेवण्याची, मोहीम चालवली. कार्यालयात सहा गठ्ठे पद्धत असते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो, मग संबंधित कारकुनाच्या कार्यविवरण नोंदवहीत, आणि निकाली निघेपर्यंत यातल्या कुठल्या तरी गठ्ठ्यात सापडलाच पाहिजे. हे फार चांगलं यंत्र आहे. पण कागद आत गेल्यावरच ते चालू होतं.

तेव्हा आता असं करा. अर्ज दोन प्रतींत काढा, जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच लिहा. दुसऱ्या प्रतीवर नुसता गोल शिक्का घेऊन निघू नका. शिक्क्यात आवक क्रमांकाची जागा बहुतेक वेळा कोरी सोडलेली असते, तिथे क्रमांक, तारीख आणि सही तिन्ही पाहिजेत. "कागद अपुरे आहेत, घेता येत नाही" म्हणाले तर नम्रपणे सांगा, "घ्या आणि काय अपुरं आहे ते लेखी कळवा." तरीही घेतला नाही तर वाद घालू नका. तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, एक प्रत तहसीलदारांच्या आवक शाखेत द्या. नाहीतर ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन भरा, तिथे अर्ज क्रमांक आपोआप मिळतो. नेट सेंटरवाल्याकडून भरणार असाल तर मोबाईल नंबर मात्र स्वतःचा द्या.

कोर्टाच्या दाखल्याबद्दल. वारसांत वाद नसेल तर वारस नोंदीसाठी सरसकट कोर्टाचा वारस दाखला मागण्याला आधार नाही. गाव नमुना ६-क ही वारसांचीच नोंदवही आहे. स्थानिक चौकशी करून तिच्यात नोंद घ्यायची, मग नमुना ६ मध्ये फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, धरायचा, हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस द्यायचे आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित करायचा, अशी रीत आहे. हरकत आलीच तर प्रकरण ६-अ या तक्रार नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. वारस दाखला १८२७ च्या मुंबई विनियमाखाली मिळतो आणि उत्तराधिकार प्रमाणपत्र १९२५ च्या कायद्याखाली. यातलं दुसरं येणी आणि रोखे यांच्यासाठी असतं, जमिनीसाठी नव्हे. कोणी दोन्हींची गल्लत करत असेल तर कुठल्या कायद्याचा दाखला हवा ते लिहून मागा.

जाता जाता दोन गोष्टी. तुमची आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने तीही पहिल्या वर्गातली वारस आहे. यादीत तिचं नाव हमखास राहतं आणि पुढे तिथेच हरकत निघते. आणि "आधी बहिणींचं हक्कसोडपत्र आणा" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. आधी सगळ्या वारसांची नावं लागतात. हक्कसोड करायची की नाही हा नंतरचा आणि सर्वस्वी त्या बहिणीचा निर्णय, आणि तो दस्त नोंदणीकृत लागतो. मुलींची नावं कागदावर चढण्याआधीच उडवायचा हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिलाय की ताई, तुम्हाला कळकळीने सांगतोय.

आमदारांच्या चिठ्ठीचा सल्ला काहींनी दिलाय. चिठ्ठीने एकदा काम होईल, पण तुमचा हक्क सिद्ध होणार नाही, पुढच्या कामाला पुन्हा चिठ्ठी लागेल. पैसे मागितले तर देऊ नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पोच मिळाल्यावर हालचाल दिसली नाही तर दप्तर दिरंगाई कायदा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २००५ च्या कायद्याचं कलम १० दाखवा. साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात म्हटलंय. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवा, त्यांची मुदत आणि पदनिर्देशित (म्हणजे ती सेवा द्यायला नेमलेला) अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तुमची सेवा त्यावर असेल तर विलंबाबद्दल त्याच कायद्याखाली अपील करा, कसूर ठरलेल्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माहिती अधिकारात "नोंद का केली नाही" असं विचारू नका, त्यातून काही हाती लागत नाही. आवक क्रमांक लिहून त्या अर्जावरच्या टिपणीची आणि कार्यविवरण नोंदवहीच्या त्या पानाची प्रत मागा. एक विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. आमचं काम या एका अर्जानंतर हललं, कारण तोपर्यंत आमच्याकडे क्रमांक होता.

नोंद झाली म्हणजे मालकी पक्की झाली, असं मात्र समजू नका. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद रद्द केली तर त्या आदेशाची नक्कल लगेच मागा. जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, मुदत ६० दिवसांची. उशीर झालाच तर अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि त्यात आजवर कोणत्या तारखेला कोणी काय सांगून परत पाठवलं ते क्रमाने लिहा. आठवतंय तोवर आजच वहीत उतरवून ठेवा.