भोक पाडायचं कुठे? जुन्या घरातले एसी, कूलर आणि हीटर

होळी झाली की आमच्याकडे दोनच विषयांची पत्रं येतात, कैरीचं लोणचं आणि एसी. लोणचं पुढच्या अंकात. ह्यावेळी एसी, आणि थंडीतलं एक पत्र राहून गेलं होतं तेही घेतलंय, कारण ते महत्त्वाचं आहे.

प्रश्न: आमचं ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजात जुनं घर आहे. दोन फुटी दगडी भिंती, वर पटियाचं (पातळ दगडी फरशांचं) छत, मधे चौक. बेडरूम 15 बाय 14, उंची 13 फूट. एसीवाला येऊन बघून गेला, म्हणाला 2 टनचा घ्या, फॉल्स सीलिंग करा आणि भिंतीत आरपार ड्रिल मारावं लागेल. सासूबाई म्हणतात भिंतीला हात लावायचा नाही. मुलाची दहावी आहे, कूलर आहे पण जुलैत नुसती चिकचिक होते. कोणाचं ऐकू?
– एक सूनबाई, ग्वाल्हेर

उत्तर: ताई, सासूबाईंचं ऐका, आणि एसी पण लावा. दोन्ही होतं.

आधी घराचं समजून घ्या. दोन फुटी दगडातून ऊन आत पोचायला 10-12 तास सहज लागतात, म्हणून दुपारी खोली बरी वाटते आणि रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तर कोमट लागते. छताचं तसं नाही, पटिया पातळ, ती संध्याकाळपासूनच तापवायला लागते. म्हणून पहिला खर्च एसीचा नाहीच, गच्चीचा. एप्रिलच्या सुरुवातीला गच्ची घासून धुवा, भेगा बुजवा आणि पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, चुन्यात थोडा फेविकॉल घातला की पायाला लागत नाही. आणि एसी लावणार नसाल त्या रात्री नऊ-दहानंतर बाहेरची हवा गार झाली की चौकाकडची दारं, रोशनदानं (छताजवळचे झरोके) सगळं उघडं टाका, सकाळी आठच्या आत बंद. चौकातून गरम हवा वर निघून जाते आणि खालून गार हवा आत ओढली जाते, चौक त्यासाठीच असतो, नुसता तुळशीवृंदावनासाठी नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर राजा मानसिंग तोमरांनी मानमंदिर महालात जमिनीखाली मजले काढले ते काय उगाच नाही, इथला मे महिना तेव्हाही असाच असणार.

आता भोक. तुमच्या खोलीला वर रोशनदान असेलच. त्याची एक काच काढा, त्या मापाची सागवानी फळी बसवा, फळीला तीन इंची भोक, आणि तांब्याचे पाइप, वायर, पाण्याची नळी सगळं तिथून बाहेर. उद्या एसी काढलात तर फळी काढून काच परत लावता येते, भिंत जशीच्या तशी. आतलं युनिट लावायला स्क्रू दगडात मारू नका, दगड तडकतो, चुन्याच्या सांध्यांत स्क्रू मारून चांगली लांब फळी बसवून घ्या आणि युनिट त्या फळीवर. एसीवाला कटकट करेल, वेळ जातो म्हणेल, करू दे. पाइप लांब झाला तर गॅस थोडा जास्त भरावा लागतो तेवढं फक्त त्याला आठवण करा.

खरी भीती भोकाची नाही, पाण्याची आहे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एसी तासाला लीटरभर पाणी सहज काढतो, आणि ती नळी लोक भिंतीवरच सोडून देतात. चुन्याची भिंत पाणी पिते, वर्षा-दोन वर्षांत लोणा (पांढरे क्षार) लागतो, पोपडे धरतात, मग कुणीतरी सांगतं सिमेंट मारा, आणि सिमेंट मारलं की आतली ओल आतच कोंडते आणि दगड सुटायला लागतो. म्हणून नळी सरळ खाली मोरीपर्यंत न्या आणि तिला सगळीकडे बाहेरच्या बाजूला उतार ठेवा. पाइपवरचा काळा फोम कुठे फाटलेला नको, गार पाइपवर घाम येतो आणि तो भिंतीलाच ओला करतो. मशीन बसवून झाल्यावर एक तांब्या पाणी आतल्या ट्रेमध्ये ओतून बघा, सगळं मोरीत निघालं तरच त्याचे पैसे द्या.

2 टनचं म्हणाल तर एसीवाला अगदीच खोटं बोलत नाहीये. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 डिग्री धरून, आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा तोच एसी कमी गार करतो, वर तुमची उंची 13 फूट. पण गच्ची पांढरी केलीत, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून वाळ्याची ताटी टाकलीत तर दीड टनचा इन्व्हर्टर एसी चालून जाईल, फक्त 50-52 डिग्रीपर्यंत चालणारा मॉडेल मागा. झोपायच्या दोन तास आधी लावा, भिंती गार व्हायला वेळ घेतात, 18 वर टाकून काही लवकर होत नाही. 25-26 आणि पंखा एकवर.

फॉल्स सीलिंग नको. गार हवा तशीही खालीच राहते आणि पटियातून कुठे गळायला लागलं तर प्लायवर पाणी साठून पडेपर्यंत कळणार नाही. बाहेरचं युनिट चौकात ठेवू नका, चौक म्हणजे विहीर, गरम हवा तिथेच फिरते आणि मशीन तीच परत ओढतं. कोरीव छज्ज्यावर तर अजिबात नाही. गच्चीवर, भिंतीच्या डोक्यावर, रबरी पॅडवर.

आणि कूलर टाकू नका ताई. मे-जूनच्या कोरड्या लूमध्ये त्याच्यासारखं स्वस्त काही नाही, फक्त समोरची खिडकी उघडी हवी आणि एसी असेल त्याच खोलीत एकाच वेळी दोन्ही लावायचे नाहीत.

प्रश्न: जानेवारीत आमच्या आजीच्या खोलीत फार गारठा असतो. ती 86 वर्षांची आहे, लहानपणापासूनची सवय म्हणून कोळशाची सिगडी मागते, आम्ही झोपायच्या आधी दार लावून तासभर ठेवतो. खोली जुनी आहे, दगडी. हीटर कोणता घ्यावा?
– एक नातू, कंपू, ग्वाल्हेर

उत्तर: सिगडी आजच बंद करा, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटतं झोप लागतेय. रोशनदान उघडं आहे म्हणून चालतं असं समजू नका. आजींना सांगताना सिगडी वाईट असं म्हणू नका, सकाळी चौकात उन्हात पेटवून द्या, तिथे बसून त्या शेंगा भाजतील, वाद मिटेल.

रात्रीसाठी तेलाने भरलेला विजेचा हीटर (ऑइल हीटर) घ्या, तो पंखेवाल्या ब्लोअरसारखा नाक कोरडं करत नाही, आवाज नाही, आणि त्याला उघडी लाल तार नसते त्यामुळे शाल पेटायची भीती कमी. 2000 वॅटचा फुल चालला तर तासाला 2 युनिट, पण थर्मोस्टॅटवर तो मधेमधे बंद होतो. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हॉट अँड कोल्ड घ्या, तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिट इतकी उष्णता देतो कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरून ओढून आत आणतो, आणि आपल्या 4-5 डिग्रीलाही बऱ्यापैकी चालतो. त्याची झडप खाली वळवा, नाहीतर गरम हवा सगळी वर छताला जाऊन बसते.

आणि दगडाला टेकून पलंग असेल तर एक हात पुढे ओढा. आजींना गारठा हवेपेक्षा त्या भिंतीचा जास्त लागत असणार. मागे जाड सतरंजी टांगा, दुपारी दक्षिणेची खिडकी उघडून ऊन आत घ्या, चारला बंद करा. एवढ्यानेच बराच फरक पडेल.

प्रश्न: वडोदऱ्याला रावपुऱ्यात आमचं लाकडी घर आहे, कोरीव खांब वगैरे. एसी फार विद्रूप दिसतो म्हणून त्याला कोरीव सागवानी पेटीत झाकायचा विचार आहे. चालेल?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: नाही हो काका. एसी वरून हवा ओढतो आणि खालून सोडतो, पेटीत तीच गार हवा परत वर जाते, मशीनला वाटतं खोली गार झाली आणि ते बसतं, तुम्ही मात्र घामाघूम. शिवाय वडोदऱ्याची दमट हवा, पेटीत पाणी धरलं तर वाळवीला आमंत्रणच. फारच खटकत असेल तर समोर उघडी पट्टी-पट्टीची जाळी लावा, वर आणि खाली पूर्ण मोकळी, आणि फिल्टर काढता येईल अशी कडी. मला विचाराल तर दिसू दे, पांढरं मशीन कोरीव खांबाशेजारी दिसलं तर घराचा काही अपमान होत नाही, नकली कोरीवकाम जास्त खटकतं.

प्रश्न: लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग आहे, त्याच्यावर एसी टाकला तर?
– मल्हारगंज, इंदूर

उत्तर: टाकू नका. मेन बोर्डपासून वेगळी 4 चौरस एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग, आणि वायर भिंत न खोदता बाहेरून केसिंगमध्ये. आधी बिलावर मंजूर लोड किती आहे ते बघा, जुन्या घरांना 1-2 किलोवॅटच असतो, वाढवायचा अर्ज एप्रिलच्या आधी द्या, नंतर सगळं गाव त्याच खिडकीत उभं असतं.