क्षार: आम्लाचा वैरी की आम्लाचं अपत्य?

प्रश्न असा आहे: मुलगा मराठी माध्यमात दहावीला. त्याच्या वहीत 'आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी'. इंदूरला हिंदी माध्यमात शिकणारी त्याची मामेबहीण म्हणते, क्षार बाणाच्या डावीकडे हवा, उजवीकडे कसा आला? घरातल्या आयुर्वेदाच्या डॉक्टर मावशीनं भाचीचीच बाजू घेतली. तेव्हा क्षार म्हणजे नेमकं काय?

भांडण खोटं नाही. हिंदी पुस्तकात हीच अभिक्रिया 'अम्ल + क्षारक → लवण + जल' अशी असते, आणि पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला तिथे क्षार म्हणतात. म्हणजे जो शब्द हिंदीत आम्लाशी दोन हात करतो, तोच मराठीत त्या झटापटीतून जन्मतो. मुलानं पेपरात वहीतलंच लिहावं, मराठी शालेय परिभाषेत क्षार उजवीकडेच. पण मावशींची बाजू वयानं फार मोठी आहे.

सुश्रुतसंहितेत क्षार करण्याच्या विधीला एक अख्खा अध्याय दिलेला आहे. शब्दाची फोडही तिथेच सापडते: 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः', म्हणजे झिरपवतो, झिजवतो, कातडं-मांस खातो तो क्षार. कृती थोडक्यात अशी की ठरावीक झाडं जाळायची, राख पाण्यात कालवून गाळत राहायची, ते पाणी आटवायचं आणि त्यात भाजलेले शंख-शिंपले, चुनखडे घालायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट आणि चुना मिळून पोटॅशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. तयार माल लोखंडी भांड्यात तोंड बंद करून ठेवायला सांगितलंय. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा मवाळ कार्बोनेट होणार, हे कारण त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण अनुभव पक्का होता. आणि क्षारानं भाजलं तर वर आंबट पदार्थ लावा, आंबटाशी गाठ पडली की क्षाराचा तिखटपणा जातो, असंही तिथेच आहे. उदासिनीकरणच की! आपला 'आम्लारी' हा शब्द, आम्ल अधिक अरि, याच वैराचं नाव आहे.

मग मराठीनं क्षार पलीकडच्या बाजूला का बसवला? माझ्या मते दोष पुस्तकं लिहिणाऱ्यांचा नाही, त्याआधीच लोकांनी तो तिकडे नेला होता. क्षाराचा घरगुती अवतार म्हणजे खार. जवखार, सज्जीखार, पापडखार ही मंडळी जुन्या अर्थाची, राखेच्या किंवा मातीतल्या सोड्याच्या कुळातली. पण खारे शेंगदाणे, खारवलेले बोंबील, खाऱ्या पाण्याची विहीर यांत राख कुठे आहे? तिथे साधं मीठ. जीभ दोन्हीला खारटच म्हणते, तेव्हा शब्दानं दोन्ही घरं धरली. आणि 'मीठ' हे नाव आम्ल-आम्लारीतून बनणाऱ्या साऱ्या वर्गाला देता येत नव्हतं. मोरचूद आणि तुरटीला मीठ म्हटलं तर कोणीतरी भाजीत घालायचं. (मीठ हा शब्द मुळात 'मिष्ट'वरून आलेला, म्हणजे गोड. ती गंमत पुन्हा कधीतरी.) 'लवण' घेता आलं असतं, पण मराठीत त्याचं लोणचं झालं, पादेलोण झालं, 'अलवण'चं अळणी झालं, नुसतं लवण बोलण्यात फारसं उरलं नाही. उरला क्षार.

खरी गंमत पापडखाराची. एका कपात चिमूटभर पापडखार विरघळवा, दुसऱ्यात मीठ. हळद लावलेल्या कागदाचे दोन तुकडे त्यांत बुडवा. मिठाच्या पाण्यात पिवळा पिवळाच राहतो, पापडखाराच्या पाण्यात तांबूस होतो. आता त्या तांबूस डागावर लिंबू पिळा, बारीक फेस येतो आणि पिवळा परततो. पापडखारात मुख्यतः सोडियमचं कार्बोनेट-बायकार्बोनेट असतं. तीव्र आम्लारी सोडियम हायड्रॉक्साइड आणि सौम्य कार्बोनिक आम्ल यांच्यापासून बनलेलं, म्हणून दहावीच्या व्याख्येनं ते क्षार. त्याचं पाणी हळद तांबूस करतं, आंबटाशी भिडतं, म्हणून मावशींच्या व्याख्येनंही क्षार. उलट कल्हईवाल्याचा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, पुस्तकी अर्थानं क्षारच, पण त्याचं पाणी आम्लधर्मी. तेव्हा 'क्षार आहे' एवढ्यावरून लिटमसचा रंग सांगता येत नाही, आणि परीक्षेत मुलं पडतात ती इथेच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचंही असंच. नावात लवण, पाणी खारट, आणि सामू (म्हणजे pH, सातच्या वर गेला की आम्लारिधर्मी) १० च्या आसपास, कारण त्यात मिठाच्या जोडीला सोडाही मुरलेला. शेतकऱ्यांनी मात्र हा घोळ आपल्यापुरता सोडवलाय. वर पांढरा थर धरते ती क्षारपड जमीन. जिचा सामू ८.५ च्या वर जातो, सोडियममुळे जिच्यात पाणी मुरत नाही आणि वाळली की दगड होते, ती चोपण. चोपणीला जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात. त्यातलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं आणि तो सोडियम सल्फेट होऊन निचऱ्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. कृषी पत्रकांत तर आम्लारिधर्मी या अर्थी तिसराच शब्द भेटतो, 'विम्ल', आणि सामूला 'आम्ल-विम्ल निर्देशांक'. मला आवडतो तो, पण शाळेत पोचला नाही.

माझी तक्रार आहे ती भाषांतरकारांवर. 'अल्कलाइन वॉटर'ची जाहिरात मराठीत 'क्षारयुक्त पाणी' म्हणून छापलेली पाहिली. ज्या घरात बोअरच्या क्षारांनी बादल्या पांढऱ्या झाल्यात, नळाची चकती महिन्यात चोंदते, तिथली बाई हे पाणी पैसे देऊन का घेईल? तिनं क्षार काढायलाच यंत्र बसवलंय. तिथे 'अल्कधर्मी' म्हणा, किंवा 'आम्लारिधर्मी' म्हणा. आणि समासात आलं की 'रि' ऱ्हस्व, कवी-कविराजसारखं. एकटा असेल तेव्हा आम्लारी.