आधी तब्येत सावरावी, की आधी मनासारखे काम शोधावे?

तुम्ही लिहिले आहे की पुण्यातील नोकरी सोडून साताऱ्याला घरी परतल्यापासून झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही, आणि घरचे म्हणतात की दुसरी नोकरी धरली की सगळे आपोआप सुरळीत होईल. माझे मत याच्या अगदी उलट आहे. अंगात त्राण नसताना माणूस आपल्या आवडीचे काम शोधतच नाही. कमीत कमी दगदगीची जागा शोधतो आणि तिलाच आपली आवड समजून बसतो.

मी सांगलीची. मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेबाला होते. हळदीचा हंगाम ऐन भरात आला की सौदे उरकल्यावर त्याच दिवशी हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, तयार कराव्या लागत, आणि दूर गावाहून आलेला माणूस समोर ताटकळत बसलेला असे, त्यामुळे चूक चालत नसे. त्या काळात एकच बेरीज मला तीन-तीनदा करावी लागे, वरच्या माळ्यावर जाताना धाप लागे, आणि घरी आल्यावर कोणाशी बोलण्याची इच्छा उरत नसे. माझ्या थोरल्या दिरांनी निदान करून टाकले की हिला यार्डाची धूळ आणि गडबड मानवत नाही. त्यांनी ओळखीने एका पतसंस्थेत जागाही बघून ठेवली. मी ठाम नकार दिला आणि आधी तपासणी करून घेईन असे सांगितले. त्याला घरात ‘चोचले’ हा शब्द वापरला गेला, आणि तो मी आजही विसरलेले नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी नोकरीबद्दल अवाक्षरही न काढता पाळीत रक्तस्राव किती होतो आणि जेवणाबरोबर चहा घेता का, एवढे आधी विचारले. हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघाले; स्त्रियांमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. लोह कमी पडले की रक्तातून प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, म्हणून धाप लागते, लक्ष टिकत नाही, चिडचिड होते. जास्त रक्तस्रावावर उपचार झाले आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणाबरोबरचा चहा बंद झाला, कारण त्याने अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. हिमोग्लोबिन भरल्यावरही शरीरातला साठा भरून निघावा म्हणून डॉक्टरांनी गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवायला लावल्या. मन मात्र गोळ्यांनी पुरते सावरले नाही. त्यासाठी समुपदेशकांकडे जावे लागले, आणि ते सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

तब्येत सुधारल्यावर मी त्याच यार्डात परतले, तेव्हा सौद्याच्या वेळी खरेदीदार काय करतात याकडे प्रथमच नीट लक्ष गेले. ढिगातून हळकुंड उचलायचे, मोडायचे, आतला रंग उजेडात धरून पाहायचा, आणि मगच भाव बोलायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि तिची परीक्षा ही केवढी मोठी विद्या आहे हे मला तेव्हा उमगले. आज मी एका खरेदीदाराकडे मालाचे नमुने तपासण्याचे काम करते आणि त्यात मनापासून रमते. दीर अजूनही म्हणतात की काम बदलल्यामुळे मी बरी झाले. अहो, आधी रक्त भरले, मग झोप आली, मग कुतूहल जागे झाले, आणि त्यानंतर काम बदलले. ही घडलेली क्रमवारी घरात कितीही वेळा उलटी सांगितली तरी बदलणार नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ विशेष करून. रोज पायी फिरा, अजिंक्यताऱ्याचा चढ तुमच्या गावातच आहे. मन फारच खचत असेल तर टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. ज्याच्या पगारावर घराची चूल पेटते त्याला थांबणे परवडत नाही, आणि माझ्या यजमानांचा पगार चालू होता म्हणूनच मला ते जमले. शिवाय नुसते घरी बसणेही घातक असते. ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावची गिरणी बंद पडल्यावर तेथील बेकारांचा अभ्यास मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला व तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की हाताशी वेळच वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले. म्हणून थोड्या तासांचे, डोक्याला ताप नसलेले एखादे काम आत्ताच हाती धरा, पण आयुष्यभराची नोकरी निवडण्याचा निर्णय तपासण्या होऊन नीट झोप लागेपर्यंत घेऊ नका. पुण्याची नोकरी नेमकी कशामुळे सोडली हे तुम्ही लिहिलेले नाही. तिथल्या कामानेच झोप उडवली असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, आणि जाताना घरच्या एखाद्या वडीलधाऱ्यांना सोबत न्या, म्हणजे रिपोर्टचा अर्थ ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकतील.