वाचकांचे प्रश्न : बेळगावची हवा, दुपारची आणि पहाटेची

प्रश्न : एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी पारा 36 च्या घरात जातो, पण संध्याकाळी सहा-सातला पश्चिमेचं वारं सुटतं आणि पहाटे चादर ओढावी लागते. गोकाक-अथणीकडचे पाहुणे म्हणतात, आमच्याकडे रात्रभर उकडतं. जिल्हा एकच, मग एवढा फरक कसा? (टिळकवाडी)

उत्तर : उंचीमुळे, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे आणि दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. गोकाक-अथणीचा भाग आपल्यापेक्षा दोनेकशे मीटर खाली. म्हणजे उंचीच्या हिशेबानं फरक सव्वा-दीड अंशाचाच निघतो. रात्रीचं उकडणं तेवढ्यानं समजत नाही.

खरं काम करतो तो दर्यावरचा वारा. हवेतून मोजलं तर समुद्र इथून जेमतेम नव्वद किलोमीटरवर आहे. दुपारी जमीन तापली की किनाऱ्यावरची दमट, गार हवा आत शिरते, घाट चढते आणि दिवस कलताना चोर्ला-जांबोटीच्या बाजूनं शहरात पोचते. हुक्केरी-गोकाकच्या पुढे जाईपर्यंत ती तापलेल्या कोरड्या हवेत मिसळून तिचा गारवा संपलेला असतो. पावसाचं गणितही याच दिशेनं उतरतं. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे, शहरात तेराशेच्या आसपास आणि अथणीत पाचशे-सहाशे. म्हणून "बेळगाव जिल्ह्याचं हवामान" अशी बातमी वाचली की आधी विचारावं, कुठल्या तालुक्याचं?

जानेवारीत चित्र पालटतं. वारा पूर्वेचा आणि कोरडा, आभाळ निरभ्र. दिवसा 30, पहाटे 14 किंवा त्याहून खाली, म्हणजे पंधरा-सोळा अंशांची तफावत. जुलैत मात्र दुपारी 25-26 आणि रात्री 20. ढग आणि हवेतली वाफ जमिनीची ऊब वर निसटू देत नाहीत, दिवसा ऊन पोचू देत नाहीत.

आता घरापुरतं. उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला खिडक्या लावून घ्या आणि वारं सुटल्यावर आधी पश्चिमेच्या, मग समोरासमोरच्या पूर्वेच्या उघडा. एकच बाजू उघडून वारा आत येत नाही, त्याला बाहेर पडायला वाट लागते. स्लॅबमधून उष्णता खाली यायला तीन-चार तास लागतात, म्हणून बाहेर गार झालं तरी आठ वाजता छत तापलेलंच असतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्यापेक्षा मार्चअखेरीस चुन्याचे दोन हात दिलेले बरे. मंगलोरी कौलांच्या घराला ही अडचण कमी. कौल लवकर तापतं, तितक्याच लवकर निवतंही.

प्रश्न : मोबाइल 33 दाखवतो, गॅलरीतला तापमापक 38 आणि सांबऱ्याच्या विमानतळावरच्या वेधशाळेचा आकडा 35. खरा कुठला? (शहापूर)

उत्तर : गॅलरीतला नक्कीच नाही. तो भिंतीची ऊब सांगतोय. मोबाइलचा आकडा बहुधा गणिती अंदाज असतो, काही किलोमीटरच्या चौकोनाला मिळून एक. सांबऱ्याचा मोजलेला असतो, पण मोकळ्या माळावरचा. तुमच्या गल्लीत तो दोन-तीन अंशांनी वेगळा असू शकतो आणि तरी दोन्ही बरोबर असतात.

हवेचं तापमान सावलीतच मोजायचं असतं, तेही वारा खेळता असलेल्या सावलीत. वेधशाळेत त्यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते. ती जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर असते आणि दार उत्तरेला असतं, म्हणजे उघडताना ऊन आत पडत नाही. घरी हेच काम कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा करतात. सहा-सात बशा घ्या. सगळ्यात वरची आणि खालची अखंड ठेवा, मधल्यांना मुठीएवढं भोक पाडा. आटे पाडलेल्या तीन सळ्यांवर, मध्ये दोन-दोन सेंटीमीटरच्या नळीचे तुकडे घालून, बशा पालथ्या एकावर एक बसवा. वायरवाल्या डिजिटल तापमापकाचं टोक मधल्या पोकळीत लोंबकळतं ठेवा. बशीला ते टेकता कामा नये. हा साचा माती किंवा गवतावर, भिंतीपासून निदान तीन-चार मीटर दूर रोवा. फरशी, पत्र्याची शेड आणि एसीचं बाहेरचं यंत्र यांच्याजवळ मुळीच नको. बशा जुन्या होऊन पिवळ्या पडल्या की बदलायच्या, नाहीतर दुपारचा आकडा हळूहळू चढतो आणि आपण उन्हाळ्याला दोष देत बसतो.

बसवण्याआधी तापमापक तपासा. स्टीलच्या ग्लासात बर्फाचा चुरा भरा, बर्फ ओलसर होईल एवढंच पाणी घाला, टोक मधोमध धरून पाच मिनिटं ढवळत राहा. आकडा 0 यायला हवा. 1.5 आला तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून 1.5 वजा करा. टोक पाण्यात चालणारं असेल तरच हे करा. कमाल पारा बहुधा अडीच ते साडेतीनच्या दरम्यान लागतो, किमान सूर्य उगवता उगवता. रात्री बारा वाजता मोजून "आज थंडी नव्हती" म्हणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पाऊस घरी मोजता येतो का? शेजारच्या शिवारात 70 मिलिमीटर सांगतात, आमच्या डब्यात 40 भरतात. (येळ्ळूर)

उत्तर : डबा कसला आहे यावर आहे. तोंड रुंद आणि बूड अरुंद असेल तर आकडा फुगतो, उलट असेल तर बसतो. सरळ मार्ग म्हणजे 11.3 सेंटीमीटर व्यासाचं नरसाळं. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ 100 चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणून खाली जमलेलं दर 10 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर पाऊस. पाणी औषधाच्या खुणांच्या मापानं किंवा मोठ्या सिरिंजनं मोजा. खाली एक लिटरची बाटली ठेवलीत तर ती 100 मिलिमीटरला भरून वाहील. येळ्ळूरला एखाद्या दिवशी अपुरी पडेल, कणकुंबीकडे जुलैत तर हमखास. पाच लिटरचा कॅन ठेवा.

नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंटीमीटर वर हवी. खाली असेल तर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. गच्चीवर ठेवू नका, वारा पाऊस तिरपा नेतो आणि मोज कमी भरते. झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडा. नोंद रोज सकाळी साडेआठला. पेपरात "आजचा पाऊस" म्हणून छापतात तो काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा असतो. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

उरलेली निम्मी वळवाची. वळवाचा ढग आठ-दहा किलोमीटरचा, त्यामुळे बांधाच्या अलीकडे 70 आणि पलीकडे 40 खरंच पडू शकतात. आर्द्रा-पुनर्वसूतला झडीचा पाऊस असा भेदभाव करत नाही. भातासाठी हिशेब हवा असेल तर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे 101 लिटर पाणी.

प्रश्न : फेब्रुवारीत पहाटे दाट धुकं पडतं आणि आंबा-काजूचा मोहोर काळा पडून गळतो. धुक्यानं मोहोर जळतो का? (खानापूर)

उत्तर : धुकं स्वतः जाळत नाही. संध्याकाळी आलेली दर्यावरची ओल रात्री वर जात नाही, निरभ्र आभाळाखाली जमीन गार होते आणि पहाटे ती ओल धुकं होऊन दऱ्याखोऱ्यांत साचते. गार हवा जड असते, उतारावरून वाहत खालच्या शिवारात बसते. म्हणून त्याच गावात माळावरची बाग सुटते आणि ओढ्याकाठची सापडते. अशा ओलीत भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोग आणि तुडतुडे ही रस शोषणारी कीड बळावतात. तुडतुड्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि मोहोर काळा दिसतो. काजूवर ढेकण्या हा रस शोषणारा किडाही असतो, त्यानं टोच मारलेली फांदी वाळते. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, मोहोर फुटत असतानाच आणि ऊन चढण्याआधी फवारा. पारा 35 च्या पुढे जाणार असेल त्या दिवशी गंधक नको, त्यानं मात्र मोहोर खरंच करपतो. फुलं पूर्ण उमललेली असताना कीटकनाशक टाळा. मधमाश्या मेल्या की फळ धरत नाही, मग भुरी जाऊन काय उपयोग?

प्रश्न : थंडी वाढली की हिरव्या द्राक्षाचे मणी गुलाबी होतात, व्यापारी दर पाडतो. (अथणी)

उत्तर : याला बागायतदार पिंक बेरी म्हणतात. रात्र फार गार आणि दुपार तापलेली, अशी मोठी तफावत मण्यात पाणी उतरण्याच्या, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी धरण्याच्या काळात आली की सालीत गुलाबी रंग धरतो. पाणी उतरायला लागण्याआधीच घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, खालचं तोंड उघडं ठेवा. एकदा रंग आला की कुठलीही फवारणी तो मागे घेत नाही. तो माल वेगळा काढा, चांगल्या पेटीत मिसळू नका.

प्रश्न : मृगाच्या तोंडावर फरशी ओली होते. गळती कुठेच नाही. (निपाणी)

उत्तर : फरशी रात्री गार झालेली असते आणि सकाळी दमट वारा आत येतो, त्यातली वाफ फरशीवर धरते. अशा सकाळी दारं-खिडक्या उघडून वाळवू पाहिलं तर ओल वाढते. दुपारपर्यंत बंद ठेवा, पंखा लावा. तांदळाची पोती आणि गाद्या भिंतीपासून वितभर पुढे ओढून फळीवर ठेवा.