ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पक्षी बघायला पहिल्यांदा जातोयस ना, मग हे वाच

अरे मित्रा, सगळ्यात आधी कॅमेऱ्याचा नाद सोड. लेन्सवर पैसे घालण्याआधी दुर्बीण घे, ८ बाय ४२ ची बघ (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), १२ पटीच्या मागे लागू नकोस, हात हलला की पक्षी गायबच होतो.

दुसरं म्हणजे वेळ. उजाडता उजाडता जंगलात असायला हवं, नऊनंतर ऊन चढलं की पक्षी गप्प होतात आणि माणसं बोलायला लागतात 😄 आणि नवीन लोक नुसते चालतच सुटतात बघ, दहा किलोमीटर तुडवतात आणि दिसतात काय तर कावळे नि साळुंक्या! त्यापेक्षा ओढ्याजवळ सावलीत अर्धा तास गप्प बसून रहा, खंड्या येईल, नाचण शेपटीचा पंखा करून नाचेल, नशीब असेल तर हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक पण पाण्यावर येतो. आवाज आधी ऐकायचा, मग शोधायचं. तांबट पक्ष्याचं टुक टुक टुक एकदा कानात बसलं ना की तुझ्या सोसायटीतल्या वडावर पण ऐकू येईल.

बाकी थोडक्यात:
- भडक टीशर्ट, परफ्यूम, स्पीकर घरी ठेव
- घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही
- पावसाळ्यात ओढ्यात उतरू नकोस, वर पाऊस झाला की पाणी एकदम वाढतं
- येऊर संजय गांधी नॅशनल पार्कचाच भाग आहे, बिबटे आहेत, एकटा आणि अंधारात नको, गेटवर परवानगी विचारून घे

पहिल्या दिवशी पाच पक्षी नीट ओळखलेस तरी खूप झालं, वहीत लिहून ठेव. वटवट्यांच्या (एकसारखे दिसणारे छोटे पक्षी) भानगडीत आत्ता पडू नकोस, त्यात आम्ही अजून अडकतो.