हातगाडीवरचा काटा

प्रश्न: गल्लीत येणाऱ्या भाजीवाल्याकडून किलोभर टोमॅटो घेतले, घरच्या काट्यावर ८५० ग्रॅमच भरले. हातगाडीवाल्यांना नियम असतात का?

उत्तर: असतात ना ताई! वैधमापन कायदा २००९, म्हणजे वजन-मापांचा कायदा, हातगाडीलाही लागू आहे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी आणि साधा तराजू नि वजनं दर दोन वर्षांनी राज्याच्या वैधमापन विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावी लागतात. पण घरचा काटाही चुकू शकतो, म्हणून आधी एक किलोचं सीलबंद मिठाचं पाकीट दोन्हीकडे ठेवून बघा, आणि गाडीवरच्या रिकाम्या काट्यावर शून्य दिसतंय का तेही. फरक आलाच तर आधी त्याच्याशी नीट बोला, बिचाऱ्याचा काटाच बिघडला असेल. तरी ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या वैधमापन ऑफिसात तक्रार द्या किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा.