शंकेला कामाला लावताना

प्रिय सहकारी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. शाळेत रुजू होऊन जेमतेम काही महिने झाले असताना ‘माझा पिंड शिक्षकाचा नाहीच’ असा निकाल तू स्वतःविरुद्ध देऊन मोकळी झाली आहेस. त्यासाठी पुरावा म्हणून मांडलेल्या गोष्टी तीन: सातवीच्या वर्गातला गोंगाट, सुट्टी संपत आली की पोटात येणारा गोळा आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंचा आवाज न चढवता चालणारा तास. या तिन्ही गोष्टी खऱ्या असणार याबद्दल मला शंका नाही. त्यांवरून तू काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे नीट लिहावे म्हणून हे पत्र.

आपल्या पेशात एक अडचण पहिल्या दिवसापासून असते, आणि प्रशिक्षणात तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. बहुतेक व्यवसायांत नवख्या माणसाला आधी सोपे काम देतात आणि हात बसला की कठीण काम सोपवतात. शिक्षकाला मात्र पहिल्याच सकाळी पूर्ण वर्ग, पूर्ण अभ्यासक्रम आणि पूर्ण जबाबदारी मिळते, म्हणजे पंचवीस वर्षे शिकवणाऱ्याला जे काम असते नेमके तेच काम. भरीला, हे काम आपल्याला माहीत आहे असा आपला समज असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये असा हिशेब मांडला होता की शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या थेट सहवासात घालवतो. परंतु हे सारे पाहणे बाकावरून झालेले असते. बाकावरून खडू, फळा, बोलणे आणि रागावणे दिसते. कोणते उदाहरण आधी घ्यायचे, कोणत्या मुलाकडे आत्ता दुर्लक्ष करायचे, तास अर्ध्यावर आल्यावर टाचणातला कोणता भाग सोडून द्यायचा, हे शिक्षकाच्या डोक्यात चाललेले निर्णय तिथून दिसत नाहीत. शेजारच्या बाईंचा शांत तास तू अजूनही काहीशी बाकावरूनच पाहत आहेस. त्यांची शांतता तुला दिसते, पण ती वर्षाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांनी कशी बसवली हे दिसलेले नाही. आणि त्या दिसणाऱ्या शांततेशी तू स्वतःच्या मनातल्या धडधडीची तुलना करते आहेस.

धडधडीविषयीही थोडे लिहितो. मुलांना माझी भीती कळते, असे तू लिहिले आहेस. केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की भाषण करणाऱ्याला आपली घबराट श्रोत्यांना जितकी दिसते असे वाटते, तितकी ती त्यांना दिसत नाही. शिवाय ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. वर्ग म्हणजे भाषण नव्हे, आणि मुले प्रौढांपेक्षा चलाख असतात हेही मान्य. तरीसुद्धा तुझ्या तळहातांचा घाम तिसऱ्या रांगेत पोहोचत नाही. तिथे पोहोचते ती तुझ्या सूचनेतली धरसोड, आणि धरसोडीवर उपाय आहे.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या पत्रातले प्रश्न मी पुन्हा पाहिले: मी चांगली शिकवते का, मुलांना मी आवडते का, मुख्याध्यापकांना काय वाटत असेल, मी या कामाला लायक आहे का. या सगळ्या प्रश्नांचा कर्ता ‘मी’ आहे. यात तुझा काही दोष नाही. फ्रान्सेस फुलर या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये नव्या शिक्षकांच्या काळज्यांचा अभ्यास मांडताना हेच नोंदवले होते की सुरुवातीला काळजी स्वतःविषयीची असते, आणि अनुभवानंतर ती मुलांच्या शिकण्याकडे वळते. पुढच्या संशोधकांनी हा क्रम इतका सरळ नसतो असे दाखवले आहे, आणि माझाही अनुभव तोच आहे. वर्ग बदलला, विषय बदलला, की जुन्या शिक्षकालाही ‘मला जमेल का’ पुन्हा गाठते. मात्र काळजीचा रोख आपण होऊन वळेल याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. तो हाताने वळवता येतो.

‘मी चांगली शिक्षिका आहे का?’ या प्रश्नाला आज संध्याकाळी उत्तर मिळणे शक्यच नाही. पुरावा कुठे शोधायचा हेच ठाऊक नसल्यामुळे मन मिळेल तो पुरावा उचलते. एका मुलाची जांभई, एका पालकाचा तुटक सूर. याउलट ‘आज दशांश अपूर्णांकांची तुलना किती जणांना समजली?’ या प्रश्नाला तास संपण्यापूर्वी उत्तर मिळू शकते. शंका तीच, पण आता ती काही उपयोगाचे काम करू लागते.

हे कसे करायचे तेही लिहितो, कारण नुसते तत्त्व सांगून भागत नाही. तास संपण्याच्या पाच मिनिटे आधी फळ्यावर एकच प्रश्न लिही: ‘०.२५ आणि ०.३ यांत मोठी संख्या कोणती आणि का?’ प्रत्येकाला वहीच्या पानाचा चतकोर तुकडा दे आणि दोन ओळींत उत्तर लिहून दारात तुझ्या हाती द्यायला सांग. चिठ्ठ्यांना गुण द्यायचे नाहीत, हे मुलांनाही सांगून ठेव. मोकळ्या तासाला त्यांचे तीन गठ्ठे कर: समजले, समजले नाही, उत्तर बरोबर पण कारण चुकीचे. या घटकात तुला हमखास अशी चिठ्ठी सापडेल: ‘०.२५ मोठी, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे.’ हे मूल बेसावध नव्हते आणि तुझे शिकवणेही वाया गेलेले नाही. पूर्ण संख्यांचा जो नियम त्याने इतकी वर्षे पक्का केला, तोच त्याने इथे प्रामाणिकपणे लावला आहे. उद्या काय करायचे हे ही चिठ्ठीच सांगते: ०.३ म्हणजे ०.३०, हे चौकटीच्या कागदावर शंभरपैकी तीस घरे रंगवून दाखवायचे. तिसरा गठ्ठा आधी वाच असे मी आवर्जून सांगेन. बरोबर उत्तरामागचे चुकीचे कारण हा आपल्या कामातला सर्वांत मोलाचा ऐवज आहे, आणि तोंडी प्रश्नोत्तरांत तो जवळजवळ नेहमी हातातून निसटतो, कारण उत्तर बरोबर आले की आपण ‘शाबास’ म्हणून पुढे जातो.

आठवड्यातून दोनदा, एकाच वर्गासाठी, एवढे पुरे. सगळ्या वर्गांना रोज चिठ्ठ्या वाटू लागलीस तर महिन्याभरात तुला त्यांचा वीट येईल.

गोंगाटाबद्दल तू अधिक लिहिले आहेस, म्हणून त्यावर अधिक लिहितो. बेशिस्त झाल्यावर तिला तोंड कसे द्यावे, कोणती शिक्षा करावी, कोणत्या सुरात रागवावे, असे तू विचारले आहेस. जेकब कूनिन या संशोधकाने वर्गांचे चित्रीकरण करून बारकाईने अभ्यास केला होता. तो १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. बेशिस्त झाल्यानंतर काय करायचे यात यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांमध्ये फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो आधीच्या गोष्टींत. वर्गात कुठे काय चालले आहे याचे भान मुलांना जाणवेल असे ठेवणे, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे आणि एका कृतीतून दुसऱ्या कृतीत जाताना ओघ न तुटू देणे, या त्या गोष्टी. म्हणजे शेजारच्या बाईंच्या आवाजात जादू शोधण्यापेक्षा त्यांच्या तासातले सांधे, म्हणजे एका कृतीतून दुसरीत जाण्याच्या जागा, पाहा.

सांध्यांवरच वर्ग फुटतो. तुझ्या तासाची सुरुवात मला अशी दिसते: तू आत येतेस, ‘वह्या काढा’ म्हणतेस, दप्तरांची खळबळ सुरू होते, आणि त्या खळबळीतच तू पुढची सूचना देतेस. निम्म्या वर्गाला ती ऐकू जात नाही, ते शेजाऱ्याला विचारतात, त्या विचारण्याचा गलका होतो, आणि मग तुझा आवाज चढतो. तू याला बेशिस्त म्हणतेस, परंतु यातली बरीच मुले तुझी सूचनाच शोधत असतात. क्रम बदलून पाहा. मुले येण्याआधी फळ्यावर कालच्या धड्यातले दोन छोटे प्रश्न लिहिलेले असावेत. तू दारात उभी राहा, आत येणाऱ्यांना नावाने हाक मार आणि बसताच लिहायला लागा असे सांग. नवी सूचना द्यायची तेव्हा आधी सगळ्यांचे पेन खाली, मग पूर्ण शांततेत एकदाच सूचना, आणि शेवटी वस्तू वाटप. वस्तू हातात पडल्यावर तुझे बोलणे कोणी ऐकणार नाही. मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली तर फळ्यापासून नाव पुकारू नकोस, शिकवणे चालू ठेवत त्या बाकाजवळ जाऊन उभी राहा. हे बसायला काही आठवडे लागतात आणि मधल्या काळात मुले तुझी परीक्षा पाहतात, हे धरूनच चाल. पहिले काही महिने वर्गात हसायचेच नाही, हा सल्ला तुला कोणीतरी दिला असेलच. तो मला कधीच पटला नाही. मुले हसऱ्या चेहऱ्याचा गैरफायदा घेत नाहीत, अनिश्चिततेचा घेतात.

याच्या उलट प्रकारची एक शांतता तुला घाबरवते, ती म्हणजे प्रश्न विचारल्यावरची. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादा सेकंदच थांबतात असे दिसले. थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरे लांबली आणि अधिक मुले बोलू लागली. तीन सेकंद मनात मोजून पाहा, फार लांब वाटतात. नवख्या शिक्षकाला ती शांतता आपल्या अपयशासारखी वाटते, म्हणून तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

आता, ‘तू उत्तम शिकवतेस, काळजी करू नकोस’ असे मी या पत्रात कुठेही लिहिलेले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. मी तुझा तास पाहिलेला नाही, हे एक कारण. दुसरे असे की मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचे जे चार स्रोत सांगितले, त्यांत शब्दांनी दिलेला धीर दुबळा ठरतो. सर्वांत बळकट स्रोत म्हणजे एखादे काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव, आणि त्यानंतर आपल्यासारख्याच कोणाला तरी ते करताना पाहणे. तेव्हा कौतुकाची वाट पाहण्यापेक्षा शेजारच्या बाईंना विचारून त्यांच्या तासाची पहिली दहा मिनिटे मागे बसून पाहा, आणि तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी जुना असलेल्या एखाद्या शिक्षकाचाही तास पाहा. तो तुला अधिक शिकवेल, कारण त्याचे प्रयत्न अजून दिसण्यासारखे असतात. त्यांना तुझ्या वर्गात बोलावशील तेव्हा ‘माझा तास कसा वाटला’ असे विचारू नकोस. ‘सूचना दिल्यानंतर किती मुलांनी शेजाऱ्याला विचारले, एवढेच मोजा’ असे नेमके काम त्यांना दे. कसा वाटला या प्रश्नाला सौजन्यापलीकडे उत्तर मिळत नाही.

घरी नेलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याविषयी थोडक्यात. प्रत्येक वहीतली प्रत्येक चूक लाल करणे हे कर्तव्य नव्हे. पाच-सहा वह्या बारकाईने वाच, समान चुका शोध आणि त्या दुसऱ्या दिवशी फळ्यावर सर्वांसमोर सोडव. बाकीच्या वह्या नजरेखालून घाल. संध्याकाळची एक वेळ ठरवून त्यानंतर शाळेचे काम बंद कर. झोपताना उद्याचा पहिला प्रश्न आणि पहिले उदाहरण कागदावर लिहिलेले असले की मनाची भुणभुण बरीच कमी होते. एखाद्या मुलाच्या घरची विवंचना कळली, तर ती एकट्याने वाहू नकोस. वर्गशिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक यांच्यापर्यंत ती वेळेवर पोहोचवणे एवढे तुझे काम, आणि ते पुरेसे मोठे आहे.

एक गोष्ट मात्र वेगळी काढतो. वर लिहिलेले सारे उपाय शंकेवरचे आहेत, आजारावरचे नाहीत. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, सुट्टीतही हुशारी येत नसेल, किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर टाचण सुधारत बसू नकोस. डॉक्टरांना भेट, आणि हे घरातल्या कोणाला तरी सांग. तसेच तुझ्यावर टाकलेले तास आणि कामे नव्या शिक्षकाच्या आवाक्याबाहेरची असतील, तर तो तुझ्या लायकीचा प्रश्नच नाही. वेळापत्रक आणि जादा कामांची यादी कागदावर मांडून मुख्याध्यापकांसमोर ठेव, आणि यातले कोणते काम या सत्रात काढता येईल असे विचार. तक्रार म्हणून बोललीस तर तुला सहनशीलतेचा सल्ला मिळेल. यादी समोर असली की निदान यादीवर बोलावे लागते.

सातवीच्या दोन तासांच्या चिठ्ठ्या जमल्या की त्यांतला तिसरा गठ्ठा मला पाठव. मुलांची नावे झाकून टाक, कारणे तेवढी राहू दे. कोणते कारण किती जणांनी लिहिले ते आपण एकत्र बसून पाहू आणि पुढच्या आठवड्याचे टाचण त्यावरून ठरवू.

तुझा हितचिंतक